बेनओनी

जन्मलेलं लेकरू आधी उकिरड्यावर ठेवतात, असं शहरातल्या माणसाला सांगून बघा, तो तुम्हाला वेड्यात काढील. काढू द्या. ज्या बाईची तीन लेकरं लागोपाठ मातीत गेली, तिला विचारा. ती शहाणपण करत बसत नाही, ती एवढंच विचारते, काय केलं म्हणजे चौथं राहील? आमच्या वऱ्हाडात याचं उत्तर ठरलेलं होतं. लेकरू सुपात घालायचं, उकिरड्यावर ठेवायचं आणि मागं न बघता घरी यायचं. मग दुसऱ्या एखाद्या बाईनं तिकडून जावं, "कोणाचं वं हे लेकरू?" असं तीनदा विचारावं, कोणी बोललं नाही की ते उचलून आपल्या घरी न्यावं आणि त्याचं नाव कचरू ठेवावं. यम आलाच तर त्याला वाटावं, हे तर कोणीतरी टाकून दिलेलं, हे नेऊन काय करायचं? बाराव्या दिवशी आईनं त्या बाईच्या दारात जाऊन पदर पसरायचा आणि लेकरू मागून आणायचं. झाली रीत पुरी.

तानाबाईनं असंच एक लेकरू उचललं होतं, खामगावच्या रेल्वे क्वार्टरांमागच्या उकिरड्यावरून. आणि घोटाळा असा झाला, की बाराव्या दिवशी ते मागायला कोणी आलंच नाही.

लेकरू होतं सिमहाबाईचं. सिमहाबाई म्हणजे मालधक्क्यावरच्या बाबूंची, शलोम झिराडकरांची बायको. ही माणसं मूळची अलिबागकडची, बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. लुगडं आपल्यासारखंच, हातात हिरव्या बांगड्या, बोलणं मराठी. पण देव वेगळा, त्याला मूर्ती नाही, आणि शनिवारी घरात चूल पेटत नसे. तो शनिवार मोकळा मिळावा म्हणून मालबाबू दर रविवारी आणि दर दिवाळीला दुसऱ्यांची ड्यूटी करत. दाराच्या चौकटीला एक बोटभर नळी ठोकलेली, तिच्यात त्यांच्या पोथीतली चिठ्ठी. आत-बाहेर करताना नळीला बोट लावायचं आणि ते बोट ओठांना टेकवायचं. खामगावात अशी चौकट एकच होती.

सिमहा म्हणजे आनंद. ती स्वतःच हसून म्हणायची, "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, तसं माझं." चौथ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा तिनं तानाबाईला बोलावलं आणि म्हणाली, "तू उचल."

तानाबाई जीनमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, राबणारी विधवा. नवरा लग्नाच्या तिसऱ्या वर्षी गेलेला, मूल नाही, बाळ नाही. ती दचकलीच. "मी वं? माह्यासारखीनं बाळंतिणीच्या वाऱ्याले उभं राहू नये म्हनतेत लोकं."

"म्हणूनच तू. तुझ्याकडे नेण्यासारखं काहीच नाही. तुझ्या घराकडे यम कशाला बघेल?"

दुसरी कोणी असती तर तोंड फिरवून निघून गेली असती. तानाबाईला मात्र हसू आलं. "हे बाकी खरं हाय," ती म्हणाली.

मालबाबूंना हे काही पटलं नव्हतं. शिकलेला माणूस, त्यांच्या भाषेतली पोथी उजवीकडून डावीकडे घडाघडा वाचणारा. पण बायकोचा चेहरा बघितला आणि ते गप्प बसले. मुलगा झाला. सुपात गेला, उकिरड्यावर गेला, तानाबाईच्या पदरात आला. आठव्या दिवशी मुंबईहून त्यांचा माणूस सुंता करायला आला, तेवढ्यापुरतं तासभर तिनं लेकरू सोडलं. सिमहाबाई तोवर तापानं फणफणली होती. अकराव्या दिवशी ती गेली. जाताना तिनं नवऱ्याचा हात धरला आणि वचन घेतलं, "तानाबाईकडून रीतीनं परत घेतल्याशिवाय माझ्या लेकराला त्याच्या नावानं हाक मारू नका. कचरूच म्हणा. तीन गेली, हा राहू दे."

बाराव्या दिवशी तानाबाई अंघोळ करून, लेकरू मांडीवर घेऊन, दारात बसून राहिली. मागायला येणारी मातीत होती. दुपार झाली तशी ती उठली आणि शेळीचं दूध तापवायला ठेवलं.

आई नसली तरी रीत उलटी करता येते. जिनं उचललं तिनंच लेकरू परत उकिरड्यावर ठेवायचं, मागं न बघता निघून जायचं, आणि बापानं ते खऱ्या नावानं हाक मारून उचलायचं. जुन्या बायकांनी हे दोघांनाही सांगितलं होतं. पण मालबाबूंनी ते कधी मागितलं नाही, आणि तानाबाईनं कधी काढलं नाही. का काढील? तिच्या जन्मात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या अंगावर पाय टाकून झोपत होतं.

अशी दहा वर्षं गेली. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. कचरू दिवसा बापाच्या क्वार्टरात, जेवायला-झोपायला तानाबाईच्या खोलीत. बापाशी अलिबागकडचं बोलायचा, तानाबाईशी वऱ्हाडी. तानाबाईला 'माय' म्हणायचा आणि तिच्या दाराच्या मोकळ्या चौकटीलाही बोट लावून ओठांना टेकवायचा. "तिथं काई नाई ना बे," ती म्हणायची. "असू दे," तो म्हणायचा. हळूहळू तिलाही ती सवय लागली. जीनमधून येताना, हातात डबा असला तरी, बोट चौकटीला लागायचंच.

त्या वर्षी पोळा झाल्यावर मालबाबू तिच्या दारात आले. हातात पाकीट होतं. त्यांचा भाऊ आधीच इस्राएलला गेलेला, तिथून त्याचं पत्र होतं, आणि दोघांचे कागद मंजूर झाले होते. दोघांचे म्हणजे बाप-लेकाचे.

"तानाबाई," ते म्हणाले, "आता त्याला खाली ठेव."

तिला लगेच कळलं. तरी तिनं न कळल्यासारखं केलं. "कोनाले?"

"तुला माहीत आहे."

"नाई ठेवत," ती म्हणाली. "काऊन ठेवू? दहा वर्सं कुठं होते तुमी? त्याले गोवर आला तवा कोन बसलं होतं उशाशी? नाव तरी घेतलं का तुमी त्याचं एकदा? आता कागद आले तं लेक आठोला! जा तुमी तुमच्या देशाले. माह्यं पोट्टं कुठं जात नाई."

मालबाबूंनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली मान घालून म्हणाले, "मी त्याला ओढून नेऊ शकतो. कायद्यानं तो माझा आहे. पण मी सिमहाला वचन दिलंय. तू ठेवलंस तरच नेईन. नाही ठेवलंस तर कागद परत पाठवीन."

असं म्हणून ते गेले. बघा, भांडायला आलेला माणूस भांडत नाही म्हटल्यावर काय करायचं? तानाबाईनं चुलीवरची भाकर करपवली आणि शेळीला उगाच दोन शिव्या घातल्या.

चार दिवस ती ताठ्यात होती. शेजारच्या कौशल्याबाईनं टोकलंच, "अवं, बाप हाय त्याचा. अन् त्या अकोल्याच्या डागदरनं काय सांगतलं बाबूच्या छातीचं, तुले ठावं नाई काय? उद्या बाबू गेला तं क्वार्टर जाईन. तू जीनमंदी मरमर मरशीन, तवा त्या पोराचं कोन?"

"माह्यं मी पाह्यीन," तानाबाई म्हणाली. पण डॉक्टरचं तिला खरंच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी कचरूच्या ताटात भाजी वाढता वाढता तिनं हळूच विचारलं, "तुले जायाचं हाय का रे बापासंगं?"

"तू येतं का?"

"मले कोन नेते?"

"मंग मी बी नाई जात," तो म्हणाला आणि त्यानं आणखी एक भाकर मागितली.

तिला असा आनंद झाला, असा आनंद झाला, की सांगता सोय नाही. आणि त्याच्या पाठोपाठ लाज वाटली. लेकरानं बापाला सोडायचं म्हटलं आणि आपण मनात लाडू वाटतो, ही कसली माय? तिला ती भाकर नीट थापताच येईना.

शनिवार होता. दुपारी ती मालबाबूंकडे गेली. भांडण पुरं करायचं असं ठरवूनच गेली होती. दाराशी बोट नळीला लागलं, ओठांना टेकलं, तोच ते आत खुर्चीत पोथी घेऊन बसलेले दिसले. शनिवारची गार चूल, टेबलावर काल केलेला भात झाकून ठेवलेला. हा माणूस दहा वर्षं असा एकटाच दर शनिवारी गार भात खातो, हे तिनं नेहमीच बघितलं होतं. पण त्याची कीव आजच आली, आणि कीव आली म्हणून रागही आला.

"नाव तरी काय हाय त्याचं तुमच्याइकडचं?" तिनं उभ्यानंच विचारलं. "ज्याच्यासाठी एवढं चाललं."

मालबाबूंनी पोथी मिटली. "इथं मोठ्यानं नाही म्हणता यायचं मला. तू कान इकडे कर." आणि त्यांनी हळूच सांगितलं, "बन्यामीन."

"म्हंजे काय?"

"बेन म्हणजे मुलगा. यामीन म्हणजे उजवा हात. उजव्या हाताचा मुलगा." मग म्हणाले, "पण ते बापानं ठेवलेलं. आईनं दुसरं ठेवलं होतं."

"सिमहाबाईनं?"

"सिमहानंही. पण मी आधीच्या आईचं सांगतोय, पोथीतल्या. फार जुनी गोष्ट आहे. बस."

ती उंबऱ्यापाशी बसली. त्यांनी सांगितलं ते असं. याकोब नावाचा एक म्हातारा होता, राहेल त्याची आवडती बायको. वाटेत, मुक्कामाच्या गावी पोचायच्या आतच, ती बाळंत झाली आणि बाळंतपणातच गेली. जीव जाता जाता तिनं लेकराचं नाव ठेवलं, बेनओनी. ओनी म्हणजे माझं दुःख. माझ्या दुःखाचा मुलगा. बाप म्हणाला, नाही, असलं नाव घेऊन पोरगा आयुष्यभर कसा चालेल? आणि त्यानं त्याला बन्यामीन म्हटलं. बायकोला तिथंच रस्त्याकडेला पुरलं आणि पोराला घेऊन पुढं गेला.

"सिमहानं तापात तेच मागितलं," मालबाबू म्हणाले. "तिला ती गोष्ट पाठ होती. म्हणाली, बेनओनी म्हणा याला, मी काही आता राहात नाही. मी म्हटलं, नाही, बन्यामीन. तेवढ्यावरून आम्ही शेवटचं भांडलो." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला नाही.

तानाबाईनं विचारलं, "मंग? जगला का थो पोथीतला पोट्टा?"

"जगला. बाप त्याला डोळ्याआड होऊ देत नव्हता. त्याच्यावरचा एक भाऊ आधी हरवला होता ना, म्हणून. पुढे दुष्काळ पडला. परदेशात धान्य होतं, पण तिथला सरदार म्हणाला, तो धाकटा आणलात तरच देईन. म्हातारा म्हणाला, मी मेलो तरी पोरगं सोडणार नाही. सगळं घर उपाशी मरायला लागलं, तरी धरून बसला."

"मंग?"

"मग सोडलं. म्हणाला, गमावायचाच असेल तर गमावला. आणि आपल्या हातानं त्याला वाटेला लावलं."

"आला का परत?"

मालबाबूंना खोटं बोलता आलं असतं, पण त्या माणसाला ते जमत नसे. "आला, पण राहायला नाही. मग म्हातारा स्वतःच तिकडे गेला. पोरं त्याला गाडीत घालून घेऊन गेली."

"मले कोन नेईन गाडीत घालून?" तानाबाई म्हणाली, आणि पदरात तोंड घालून हुंदके देऊन रडली. मालबाबूही रडले. दोघं दहा वर्षं एक लेकरू वाढवत होते आणि एकमेकांसमोर रडले ते त्या दिवशी.

मग त्यांनी तिला खरं कारण सांगितलं. छातीचं दुखणं होतंच, पण नुसतं तेवढं नव्हतं. त्यांच्यात मेलेल्यासाठी एक प्रार्थना म्हणतात, ती म्हणायला दहा पुरुष एकत्र लागतात. खामगावात दहा कुठले आणायचे? सिमहा तिकडे ख्रिस्ती लोकांच्या कबरस्तानात, मागून घेतलेल्या कोपऱ्यात पडलीय, आणि तिच्या कबरीपाशी ती प्रार्थना एकदाही झालेली नाही. इस्राएलला दहा मिळतील. पोरगा तेरा वर्षांचा झाला की त्या दहांत धरला जाईल. आईसाठी उभा राहील. पुढं बापासाठी उभा राहील. आणि बाप गेल्यावर त्याला काका असेल, घर असेल.

तानाबाईनं डोळे पुसले. सिमहाबाई तिला आठवली. 'तुझ्याकडे नेण्यासारखं काहीच नाही' म्हणणारी. आता होतं की नेण्यासारखं. आणि जे होतं ते तिचं एकटीचं नव्हतं, हे ती दहा वर्षं विसरून बसली होती.

"कधी हाय गाडी?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

"मंग सोमवारी सकाळी ठेवतो."

सोमवारी तिनं कचरूला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं, नवा सदरा घातला. तो म्हणाला, "शाळेत आज काय हाय?" ती म्हणाली, "शाळा नाई. चाल." सूप घेतलं. दहा वर्षांचं पोर सुपात कुठं मावतं? तिनं ते उकिरड्यावर पालथं ठेवलं आणि म्हणाली, "यावर बस."

तो हसायला लागला. "माय, इथं काऊन?"

"बस म्हनलं ना. एक रीत राह्यली होती तुही, तेवढी करून घेऊ. मी इथून जातो. मंग बाबा येतीन, तुले नावानं हाक मारतीन, त्यायच्यासंगं जाय. थोपर्यंत उठाचं नाई. माह्या मांगं यायाचं नाई."

बाबू पलीकडे लिंबाच्या झाडाखाली उभे होते, पायांशी ट्रंक. कचरूनं ट्रंक बघितली आणि त्याचं हसू गेलं. तिनं दोन्ही हात त्याच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. "ज्याचं त्याले," ती म्हणाली. रीतीत तेवढेच शब्द होते. आणि ती वळली.

उकिरड्यापासून तिचं दार चाळीस पावलं. दहाव्या पावलाला त्यानं हाक मारली, "माय!"

मागं बघायचं नसतं. बघितलं तर जुनं नाव तसंच चिकटून राहतं, पुढचं सगळं फुकट. ती चालत राहिली.

"माय, मी नाई जात वं! मी सांगतलं होतं ना तुले, नाई जात! माय!"

तिनं पदर तोंडात कोंबला. शेजारच्या बायका दारांत उभ्या होत्या, कौशल्याबाईनं तोंड फिरवून घेतलं. तिचे पाय चालत होते, बाकीची ती कधीच मागं पळाली होती. तेवढ्यात मालबाबूंचा आवाज आला. दहा वर्षं दाबून ठेवलेला आवाज तो, फाटकाच निघाला: "बन्यामीन! बन्यामीन! ऊठ, बाळा, चल!"

आणि पोरगं रडत रडत म्हणालं, "मी कचरू हाय! मी कचरू हाय ना!"

ती चौकटीपाशी पोचली. बोट चौकटीला लागलं. आत जाऊन तिनं कडी लावली.

जलंब जंक्शनला जाणारी गाडी अकराला सुटे. ती शिटी तिनं आयुष्यभर ऐकली होती, कधी लक्ष दिलं नव्हतं. शिटी झाली, डबे खडखडले, आवाज विरत गेला. तिला ओरडायचं होतं. हाक मारायची होती. पण कोणत्या नावानं? 'कचरू' आता तोंडातून काढायचं नव्हतं, जन्मात नाही. ते नाव उकिरड्यावर राहिलं, ते घेतलं तर पुन्हा लेकराला चिकटेल, केलेलं सगळं फुकट जाईल. आणि बन्यामीन हे बापाचं नाव, उजव्या हाताचं. ते गाडीत बसून गेलं. लेकरू गेलं ते गेलं, त्याच्यासाठी रडायला तिच्याजवळ साधं नावही राहिलं नाही.

दुपारी कौशल्याबाईनं दार वाजवलं, भाकर-चटणी घेऊन आली होती. तानाबाई भिंतीला टेकून बसलेली. पोराचा जुना सदरा मांडीवर होता.

"दोन घास खाय वं," कौशल्याबाई म्हणाली. "अन् रडून घे. नाव घेऊन रडावं, मोकळं होते मानूस."

तानाबाईनं भाकर बाजूला ठेवली. मग तिला उंबऱ्यापाशी बसून ऐकलेली ती गोष्ट आठवली. दोन आयांनी मागितलेलं, दोन बापांनी नाकारलेलं एक नाव होतं. ते कोणीच नेलं नव्हतं, ते खामगावातच होतं. तिनं सदरा छातीशी धरला.

"बेनओनी," ती म्हणाली. आधी हळू, जीभ अडखळत. मग मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल असं, "माह्या बेनओनी रे!" आणि तेव्हा कुठं तिला रडू आलं.